तलवारवाल्यांचं पाणी

आंतरराष्ट्रीय तलवारबाजी स्पर्धा आपल्या शहरात होणार असं ठरलं आणि सगळ्यात आधी आमच्या उस्मानपुऱ्यातली कुत्री गायब झाली. मग भाजीच्या गाड्या. कोपऱ्यावरच्या उकिरड्यापुढे मोठं कापड ताणलं आणि त्यावर तलवार उपसलेली एक गोरी बाई छापली. उकिरडा जागेवरच होता, फक्त आता तो बाईच्या मागे. ज्या खड्ड्याला चुकवत मी वर्षानुवर्षं स्कूटी चालवली तो अचानक बुजला, आणि मी सवयीनं त्याला वळसा घालायला गेले ती थेट दुभाजकाजवळच्या नव्या कुंडीवर.

पण खरा चमत्कार नळाला झाला. परदेशी खेळाडू ज्या हॉटेलात उतरले, ते आमच्या गल्लीच्याच लाइनवर. एरवी आठवड्यातून एकदा येणारं पाणी रोज यायला लागलं.

ही संधी माझ्या सासूबाईंनी, द्वारकाबाईंनी, बरोबर हेरली. माझा धाकटा दीर गोकुळ सिल्लोडकडच्या एका लग्नात श्रेया नावाची मुलगी बघून आला होता आणि तेव्हापासून त्याचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. आम्ही मागणी घातली. शिक्षण, नोकरी, सगळं जुळलं. पण तिचे वडील कारभारीराव फोनवर म्हणाले, "पोरगा लई चांगला हाय. पण तुमच्याकडं आठवड्याला पाणी. माझ्या पोरीनं काय ड्रमासंगं संसार करायचा?" विषय तिथंच संपला. त्यानंतर गोकुळ घरातल्या निळ्या ड्रमांकडे असा बघायचा, जणू त्यांनीच त्याचं लग्न मोडलं.

सासूबाईंनी पुन्हा फोन लावला. "पाव्हणं, आमच्याकडं आता रोज पाणी येतंय. घर तर बघून जा." यात खोटं काही नव्हतं. किती दिवस येणार, हे त्यांनी विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही.

मला हे मुळीच पटलं नाही. मीसुद्धा याच घरात सून म्हणून आले. मलाही कुणी पाण्याचं सांगितलं नव्हतं, आणि अंगाची हळद उतरायच्या आत मी पाइप धरून उभी होते. पण गोकुळचं तोंड बघून गप्प बसले. शहरानं उकिरडा झाकला, आम्ही ड्रम झाकले. रिकामे करून आतल्या खोलीत नेले, तिथं पुन्हा काठोकाठ भरले आणि वर चादर घातली. सासूबाईंनी सगळ्यांना दम भरला, "पाणी आलं तरी कुणी जागचं हलायचं नाय. रोजच्या पाण्याला कुणी उठत नसतं."

कारभारीराव आले, सोबत श्रेयाही आली. पोहे झाले, चहा आला. सासूबाई कौतुकानं सांगत होत्या, "पाण्याकडं तर आता आमचं ध्यान बी नसतं." तेवढ्यात अंगणातल्या नळानं हवा सोडली. सूंऽऽ.

सासूबाईंनी वाक्य अर्धं टाकलं, बशी खाली ठेवली आणि उठल्या. मी त्यांच्या आधी उठले होते. गोकुळ नव्या झब्ब्यात मोटार लावायला पळाला. मी चादर ओढली. ड्रम भरलेले होते, पण ते कालचं पाणी, म्हणून गोकुळनं बादल्या भरभरून ते अंगणात ओतायला सुरुवात केली. हंडे, कळशी, पातेली, सगळं बाहेर आलं. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. गोकुळ दोन्ही हातांत बादल्या घेऊन आतबाहेर करत होता. कारभारीरावांच्या नव्याकोऱ्या चपला तरंगत फाटकापर्यंत गेल्या, तेव्हा कुठं आम्ही भानावर आलो.

कारभारीराव पाय वर घेऊन दिवाणावर बसले होते. "रोज येतंय ना पाणी?"

सासूबाईंचा चेहरा उतरला. "येतंय. तलवारवाले हायेत तवर. ते गेले की पुन्हा आठवड्याला."

"मग आम्ही निघतो."

गोकुळ फाटकाशी गेला, चपला उचलल्या, झब्ब्याला पुसल्या आणि त्यांच्यासमोर ठेवल्या. मला भयंकर वाईट वाटलं.

तेव्हा श्रेया पहिल्यांदा बोलली. "बाबा, आपल्या विहिरीला बारा महिने पाणी हाय. घरात कोण आणतं?"

कारभारीरावांनी चपलेकडे नेलेला पाय पुन्हा वर घेतला.

"आई अन् मी. आईची कंबर गेली त्यात. तुम्ही नाय तर दादानं कधी कळशी उचललेली मी बघितली नाय." तिनं गोकुळकडे बोट केलं. "इथं पाणी कमी हाय. पण ते हा भरतोय."

कारभारीराव दिवाणावरून उतरले, अनवाणीच, आणि दारातली रिकामी बादली उचलून नळाखाली धरली. धरली ती अशी वाकडी, की अर्धं पाणी त्यांच्याच धोतरावर.

"राहू द्या, पाव्हणं," सासूबाई पुढे धावल्या.

"राहू द्या कसं? जावई पाणी भरतोय अन् मी बसून राहू का?"

गोकुळनं पुन्हा हातात घेतलेला मोटारीचा पाइप भरलेल्या हंड्यात तसाच होता. हंडा भरून वाहत होता आणि त्याला पत्ता नव्हता.