उलट्या चाव्याचा सूड

मित्रांनो, मी एक जुनी प्लेट आहे. जेवायची नव्हे, दातांची. टाळूवर चपखल बसणारी, हिरडीच्या रंगाची. पुढून एक तार, मागून दोन बारीक स्प्रिंगा. फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरात, सात वर्षांच्या लुरिनाच्या जबड्याच्या साच्यावर मला घडवलं. पण खरं सांगते, माझा जन्म मायेइतकाच रागातूनही झाला.

तो राग लुरिनाच्या आईचा, सालविंगचा. ती एस्तान्सिया गावच्या धक्क्यावर मासे सुकवायची. तिचे खालचे दात वरच्यांच्या पुढे होते, हनुवटी बाहेर आलेली. लहानपणी कुणी लक्ष दिलं नाही, आणि मोठेपणी डॉक्टर म्हणाले, आता हाड कापल्याशिवाय इलाज नाही. थोरली नणंद कोन्सोर्सिया हिची पावभट्टी होती. सालविंग दारात दिसली की ती गिऱ्हाइकांसमोर म्हणायची, "आली बघा! आधी हनुवटी येते, मागाहून बाई." लोक हसायचे. सालविंगही हसायची, तोंडावर हात धरून.

एके सकाळी लुरिना आत्याच्या भट्टीवर पाव चावत होती. तिचे पुढचे नवे दात आले होते, आणि खालचे दात वरच्यांच्या पुढे मिटत होते. सालविंगने तिच्या हातातला पाव काढून घेतला आणि तिला पुन्हा दात मिटायला लावले.

"लहान आहे गं पोर. आपोआप येतील जागेवर," कोन्सोर्सिया म्हणाली.

"माझे आले का, मानांग?" थोरलीला मानांग म्हणतात आमच्याकडे; तिला एवढंच विचारून सालविंगने इलोइलोची बस धरली.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी लुरिनाचा जबडा हलकेच मागे सरकवला. "मागे सरकवला की दातांची कडेला कड भिडतेय. वेळेवर आणलंत. आता प्लेटने भागेल, उशीर झाला असता तर कठीण होतं."

वरचे दात पुढे ढकलायच्या कामाला मी लागले. पहिले दिवस वाईट गेले. लुरिनाची लाळ गळायची, ती बोबडं बोलायची, मला खिशात लपवायची. एकदा आत्याकडे वाढदिवसाला तिने जेवताना मला कागदी रुमालात गुंडाळून ठेवलं. कोन्सोर्सियाने रुमाल उघडून पाहिला, हसली, आणि मला डुकरांच्या खरकट्यात टाकून दिलं. सालविंगने कोपरापर्यंत हात घालून मला शोधलं. कोन्सोर्सिया म्हणाली, "बघा, लेकीचे दात खरकट्यात शोधतेय!" माझी तार वाकली होती. त्या घाणीत मी ठरवलं, ह्या बाईला मी सोडणार नाही.

डॉक्टरीणबाईंनी तार सरळ केली. काही महिन्यांनी लुरिनाचे वरचे दात खालच्यांना ओलांडून पुढे आले. मी पत्र्याच्या डबीत विसाव्याला गेले.

आणि मग, मित्रांनो, माझ्या मनासारखं घडलं. कोन्सोर्सियाचा लाडका नातू रोमेल, त्याला पुढचे दात आले, ते उलटे, खालच्यांच्या मागे मिटणारे. सालविंगने पाहिलं आणि ती काहीच बोलली नाही. रोज संध्याकाळी माझी डबी हातात घेऊन बसायची. मी मनात म्हणायचे, गप्प राहा. वाढू दे. म्हातारीला बघू दे.

गावच्या जत्रेत सगळे पंगतीला बसले होते. भाजलेल्या डुकराचं कुरकुरीत कातडं रोमेलला पुढच्या दातांनी तुटेना. कुठलंतरी पोर ओरडलं, "आधी हनुवटी आली!" सगळे हसले. रोमेलही हसला, तोंडावर हात धरून.

सालविंग ताडकन उठली. सगळ्यांदेखत तिने कोन्सोर्सियाचं मनगट धरलं. "मी गप्प बसणार होते, मानांग. हे पोर मोठं होऊन तुमच्याकडे जाब मागेपर्यंत. तुम्हाला रडताना बघायचं होतं मला. पण तोंडावर धरलेला हा त्याचा हात मला ओळखीचा आहे. सोमवारी त्याला घेऊन चला. नाही आलात, तर तुमच्या भट्टीवर उभी राहून प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगेन, आजीने नातवाचं काय केलं ते."

कोन्सोर्सियाचा चेहरा उतरला. सोमवारी ती रोमेलला घेऊन आली.

दवाखान्याच्या बाकावर दोघी शेजारी बसल्या. माफी कुणी मागितली नाही. कोन्सोर्सियाने हळूच विचारलं, "दुखेल का गं त्याला?"

सालविंगने मुद्दाम आधी माझी डबी पदराने पुसून पिशवीत ठेवली. म्हातारीने जपमाळेचे मणी भराभर ओढायला घेतले, तेव्हा कुठे सालविंग म्हणाली, "थोडंसं. सुरुवातीला."

एवढ्याने माझं समाधान झालं नाही. मी त्या बाईला अजून क्षमा केलेली नाही. पण मित्रांनो, आरशासमोर उभे राहा, मागचे दात जुळवा आणि ओठ उचलून बघा. खालचे दात पुढे दिसले, तर आजच आईला सांगा. सूड उगवायला अख्खं आयुष्य पडलेलं असतं. दात वळायचं वय मात्र कुणासाठी थांबत नाही.