नवव्या खाटेचं ठेंगणं दार

सहा नंबरच्या खाटेची चिठ्ठी सापडत नव्हती. दोन वाजून सात मिनिटं झाली होती. दुपारपाळीची नलिनी पेन उघडून उभी होती आणि सुलक्षणा युनिफॉर्मच्या खिशांतून एकेक कागद उपसत होती. बाराची चिठ्ठी डाव्या खिशात, एकोणिसाची घड्याळाच्या पट्ट्याखाली, तीनचं सलाईन तळहातावर निळ्या शाईत, आणि तेही हात धुतल्यामुळे अर्धंच.

"अगं, तोंडी सांग ना सहाचं," नलिनी म्हणाली.

"सांगते ना. सहा... सहाला कायतरी होतं."

"कायतरी म्हणजे? ताप, जुलाब की नवरा?"

एका पाळीच्या नर्सनं पुढच्या पाळीला चोवीस खाटांचं काय चाललंय ते सांगायचं, याला बायकांच्या त्या वॉर्डात 'ओव्हर देणं' म्हणत. सहाची चिठ्ठी अखेर थर्मामीटरच्या बरणीत निघाली, ओली होऊन. पण त्या शोधाशोधीत नऊ नंबर सांगायचाच राहिला. नऊवरच्या प्रेमाबाईंचं दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन. उपाशी ठेवायचं कुणालाच ठाऊक नाही. न्यायला आले तेव्हा त्या चहात पाव बुडवत होत्या. ऑपरेशन आठ दिवस पुढं गेलं. या सगळ्या प्रकरणात समाधानी माणूस एकच, आणि त्या प्रेमाबाई.

मेट्रन रत्नप्रभाबाई ओरडत नसत. त्यांनी वॉर्डातल्या सगळ्यात जुन्या लूर्डस सिस्टरला खोलीत बोलावलं.

"सिस्टर, या मुलीची ही तिसरी चूक. पुढच्या शुक्रवारी तुम्ही रिटायर होताय. त्या दिवशी ओव्हर ऐकायला मी स्वतः येईन. पहिल्या बारा खाटा तुम्ही द्या, तो तुमचा मान. पुढच्या बारा ती देईल. एक खाट चुकली तरी मी तिला कायम करणार नाही. पत्र टाईप करून ठेवलंय."

"तारीख नका टाकू एवढ्यात, मॅडम," लूर्डस सिस्टर म्हणाली.

बत्तीस वर्षांचा लूर्डस सिस्टरचा हिशेब सोपा होता. मोठ्या रजा दोन, भांडण एक, तेही उंदरांवरून, आणि गाळलेल्या खाटा शून्य. तिच्या हातात कागद कधी नसे. दोनचा ठोका पडला की डोळे अर्धवट मिटत, आवाज जेवणानंतर सुस्तावल्यासारखा होई, आणि ती एकापासून चोवीसपर्यंत चालत जावं तसं बोलत जाई. नऊ नंबरला पोचली की मान किंचित लववी. हे वॉर्डबॉय सहदेवनं हेरलं आणि स्वतःचा अर्थ लावून वाटून टाकलं, की नऊवरच्या पेशंटसाठी सिस्टर प्रार्थना करते. तेव्हापासून नवव्या खाटेवर जायला बायका कुरकुरत. एकीनं तर खिडकीजवळची ती हवेशीर जागा सोडून संडासाशेजारची मागून घेतली होती.

लूर्डसनं सुलक्षणावर तीन उपाय करून पाहिले. कॅलेंडरच्या पानाला घड्या घालून चोवीस चौकोन करून दिले. सुलक्षणानं ते इतक्या बारीक अक्षरात भरले की तिचं तिलाच वाचता येईना. मग म्हटलं, एकच कागद ठेव. तो दहाच्या सुमाराला औषधांच्या ट्रेबरोबर दुसऱ्या वॉर्डात फिरायला गेला. तिसरा उपाय पाठांतराचा. पोरीनं सगळ्यांचं पाठ केलं, नातवंडांच्या नावांसकट. औषधं सोडून.

चौथ्या दिवशी ड्युटी संपल्यावर लूर्डस म्हणाली, "बाय, तुझ्या गल्लीत घरं किती?"

"कुठल्या गल्लीत, सिस्टर? बाबांची मिल बंद पडली संपात. तेव्हापासून चेंबूरला राहिलो, साकीनाक्याला राहिलो, आता दिंडोशीला. मध्ये आत्याकडे पण होतो. शेजाऱ्यांची नावं पाठ होतायत तोवर सामान बांधतो आम्ही."

"मग माझी घे," लूर्डस म्हणाली. वाटीभर साखर उसनी द्यावी तसं. "चल घरी."

मरोळच्या बाजूला, कारखान्यांच्या पाठीमागं तिचं गावठाण होतं. रस्त्यावर टेम्पोंचे हॉर्न, आणि दोन पावलं आत वळलं की कोंबड्या. चारचं ऊन पेरूच्या झाडांतून गाळून येत होतं. कुठंतरी सुकट भाजत होती. सुलक्षणाला वाटलं, आपण चालत नाही आहोत, कुणीतरी आपल्याला हळूच पुढं सरकवतंय.

"हा क्रूस. हा एक नंबर," लूर्डस सांगू लागली. "दोन, आमची मोनिका. तिच्या ओटीवर आज दोनवरच्या आजीला बसव. खोकते ना? कोंबड्या पळतील बघ. तीन, मास्तरांचं घर. तीनवरचं सलाईन त्यांच्या खुंटीला टांग. गल्लीतून चालताना कुणाला टाळून जाता येतं काय? हाक मारतातच. फक्त हाक मारली की थांबायचं."

पाचव्या नंबरावर आता चार मजली इमारत होती. लूर्डस तिच्याकडे बघून म्हणाली, "ही विहीर. पाणी गोड आहे," आणि काठ चुकवावा तशी वळून पुढं गेली. सुलक्षणाही वळली.

नववं घर गिल्बर्टचं. दार एवढं ठेंगणं की लहान मुलानंही वाकावं.

"याचा आजा बुटका. वर हट्टी. म्हणाला, माझ्यापुरतं पुरे. डोकं सांभाळ!"

तोवर सुलक्षणाचं कपाळ चौकटीवर आपटलं होतं. आतून गिल्बर्ट ओरडला, "आली काय पाहुणी? आवाज आला!"

"टेंगूळ राहू दे," लूर्डस म्हणाली. "नऊ नंबर आता विसरणार नाहीस."

चोविसावं घर लूर्डसचं. त्याच्यापुढं गोदामाची भिंत. चहा पिताना सुलक्षणानं विचारलं, "सिस्टर, रिटायर झाल्यावर इथंच ना?"

"नाय गो. गल्ली विकली सगळ्यांनी, मीपण सही केली. महिनाअखेरीस ताबा. मी बोरिवलीला मार्कसकडे, भावाचा मुलगा माझा. तिसरा मजला." तिनं कपातली माशी काढून टाकली. "झकास हवा येते म्हणतो."

गिल्बर्टनं ताबा आधीच देऊन टाकला होता. शुक्रवारी सकाळी लूर्डस ड्युटीवर निघाली तेव्हा त्याच्या घराला कामगार भिडले होते. भिंत बसली होती आणि ठेंगण्या दाराची चौकट कुणीतरी क्रुसाला टेकवून ठेवली होती. उभी केल्यावर ती होती त्याहून लहान दिसत होती. लूर्डस तिच्या बाजूनं गेली आणि वेळेवर पोचली.

दोन वाजता वॉर्ड शांत होता. पंखे फिरत होते. मेट्रन खुर्ची न घेता उभ्या राहिल्या. शेजारी नलिनी पेन उघडून, मागं सुलक्षणा, दोन्ही हात रिकामे. लूर्डसनं डोळे मिटले. क्रूस. मोनिकाची ओटी, आजीचा खोकला, कोंबड्या. मास्तरांची खुंटी. विहिरीपाशी पाचची बाळंतीण केस वाळवत होती. सहा, सात, आठ, कुणी बाजेवर, कुणी पायरीवर, सगळ्यांनी आपापली दुखणी सांगितली आणि लूर्डसनं ती नलिनीकडे पोचवली.

मग नऊ.

तिथं काही नव्हतं. नुसता प्रकाश होता, आणि प्रकाशात तरंगणारी धूळ. आत जायला दार नाही, बसायला ओटी नाही, आणि प्रेमाबाई कुठं बसल्यात ते दिसेना. लूर्डस उभी राहिली. पंख्यांचा आवाज मोठा होत गेला. मेट्रननं वहीतून मान वर केली. नवव्या खाटेवर प्रेमाबाई पदर सारखा करून आपलं नाव यायची वाट बघत बसल्या होत्या. बत्तीस वर्षांचं ते शून्य हलायला लागलं.

"सिस्टर," मागून सुलक्षणा हळूच म्हणाली, "डोकं सांभाळा."

लूर्डसची मान आपोआप लवली. आणि ती आत गेली. गिल्बर्टच्या अंधाऱ्या खोलीत थंडावा होता. बाकावर प्रेमाबाई बसल्या होत्या, हातात पालथा कप घेऊन.

"नऊ. प्रेमाबाई. उद्या सकाळी आठला ऑपरेशन. रात्री दहानंतर तोंडात काही नाही, पाणीसुद्धा नाही. मधुमेह आहे. सकाळचं इन्सुलिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचं नाही."

"चहापण नाही?" प्रेमाबाईंनी खाटेवरून विचारलं.

"चहापण नाही. पावपण नाही."

नलिनी हसली. मेट्रन हसल्या नाहीत, पण त्यांनी वही खाली केली.

तेरापासून सुलक्षणा बोलली. डोळे अर्धवट मिटलेले, आवाज सुस्तावलेला. अठराला ती जराशी बाजूला सरकली. लूर्डसला कळलं, तिथं रस्त्यात डुक्कर झोपतं. चोवीसवर ती थांबली तेव्हा रोजच्यापेक्षा तीन मिनिटं वाचली होती. मेट्रननं पिशवीतून टाईप केलेलं पत्र काढलं, चार घड्या घातल्या आणि सुलक्षणाच्या हातात दिलं.

"मागची बाजू कोरी आहे. चिठ्ठ्या लिहायला घे."

"आता चिठ्ठ्या लागत नाहीत, मॅडम."

"तरी घे. कुणाला तरी लागतील."

दीड महिन्यानं लूर्डस बोरिवलीहून परत आली, ती औषधांच्या कपाटाची किल्ली द्यायला. चुकून पर्समध्ये राहिली होती. बत्तीस वर्षांत तेवढी एकच वस्तू घरी आलेली. येताना रिक्षा गावठाणावरून गेली. सगळीकडे पत्रे ठोकले होते. क्रूस तेवढा पत्र्यांच्या बाहेर ठेवला होता. वॉर्डाच्या दाराशी पोचली तेव्हा दोन वाजले होते.

सुलक्षणा ओव्हर देत होती. तिच्या हातात कागद नव्हता. क्षमा नावाची नवी मुलगी तिच्या मागं चालत भराभरा लिहीत होती, आणि तिच्या खिशातून चिठ्ठ्या डोकावत होत्या. पाचपाशी दोघी काठ चुकवावा तशा वळल्या. नऊपाशी सुलक्षणानं मान लववली. क्षमानं वर पाहिलं, काही कळलं नाही, तरी तिनंही लववली.

"सिस्टर," सहदेव कानाशी येऊन कुजबुजला, "ही काय साथ आलीय काय हो?"

लूर्डसनं त्याला गप्प राहायची खूण केली. किल्ली मुठीत तशीच ठेवून ती दाराला टेकून उभी राहिली. हाक मारायची घाई नव्हती. पोरी आता कुठं चौदावर पोचत होत्या, आणि बऱ्याच दिवसांनी तिला कुणीतरी चोविसाव्या घरापर्यंत सोडायला निघालं होतं.