पाचाची पाटी

मिलरटन ऑटर्स या बेसबॉल संघाने त्या हंगामात सत्त्याऐंशी सामने घालवले होते. धावफलकावर दर डावाला दोन्ही संघांच्या धावांची एकेक पाटी टांगणाऱ्या ऑर्विलकडे शून्याच्या बाराच पाट्या होत्या. त्या पुरायच्या, कारण ऑटर्सचा भोपळा ठरलेला असला तरी पाहुणे धावा लुटायचेच. आज मात्र सहा डाव दोघेही कोरडे राहिले. सातव्यातही पाहुण्यांना काही जमलं नाही आणि पाट्या संपल्या.

"आपली गाढवं थोडीच पाच काढतायत!" म्हणत ऑर्विलने पाचाच्या एकुलत्या एका पाटीवर रंग फासून शून्य काढलं आणि टांगलं.

ऑटर्सनी त्याच डावात पाच धावा काढल्या. हंगामात पहिल्यांदाच प्रेक्षक उभे राहिले. खालून मॅनेजर ओरडला, "ऑर्विल, पाच लाव की!"

"मेल्यांना आजच सुचायचं होतं!" ऑर्विल पुटपुटला, आणि पाहुण्यांचं ओलं शून्य उतरवून बाहीने पुसायला लागला.