लीनाचा खरा डाव

मित्रांनो, बावन्न जणांनी एकदम बोलायचं ठरवलं तर नुसता गलका होईल, म्हणून आमच्या सगळ्यांच्या वतीनं मीच बोलतो. मी एक जुना पत्त्यांचा कॅट आहे. कडा मऊ झाल्यात, पाठीवरची लाल नक्षी फिकी पडलीय, आणि बदामच्या राणीच्या गालावर पोह्यांच्या हळदीचा डाग आहे. ती म्हणते तीट आहे, आम्ही म्हणतो बरं बाई, तीट तर तीट.

माझा जन्म हावड्याच्या एका लहानशा कारखान्यातला. तिथून मी स्टेशनबाहेरच्या एका टपरीवर आलो आणि तिथून गुरुदत्त नावाच्या एका तरुण बँक अधिकाऱ्याच्या खिशात. बदलीच्या ऑर्डरवर तो नुकताच कोलकात्याला उतरला होता. सोबत बायको वृंदा आणि कडेवर छोटी यामिनी. शहर नवं, भाषा नवी, ओळखीचं कुणी नाही. पण पत्ते असले की माणसं जमतातच! महिन्याभरात कुठून कुठून बदल्या होऊन आलेली मराठी कुटुंबं रविवारी त्यांच्या घरी जमायला लागली. वृंदाताई पोह्यांचं पातेलं मधोमध ठेवायच्या, कुणी येताना रसगुल्ले आणायचं, आणि मग मेंढीकोटाचा जो अड्डा बसायचा तो दिवेलागणीला उठायचा. पाकाचे हात माझ्याच अंगाला! तक्रार नाही हं. ते माझे सोन्याचे दिवस होते.

गुरुदत्त खेळायचा मोठा तोऱ्यात. पान साधं ठेवायचा नाही, आपटायचा. एकदा सगळे बराकपूरला गंगेकाठी सहलीला गेले होते. तिथं त्यानं असं काही पान आपटलं की वाऱ्यानं शेजारची किलवरची तिर्री उचलली ती थेट गंगार्पण. मग डब्यात रिकाम्या बसलेल्या जोकरच्या अंगावर बॉलपेननं 'तिर्री' लिहिलं आणि त्याला कामावर घेतलं. तेव्हापासून तो जरा चढेलच झालाय.

पण बदलीवाल्यांची घरं ती. एकेक कुटुंब नागपूरला, चेन्नईला, कुठं कुठं निघून गेलं. यामिनीचं लग्न झालं, ती अमेरिकेला गेली. गुरुदत्त निवृत्त झाला आणि दोघं न्यू टाउनच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. दोघांत कसला मेंढीकोट? मला एक रबरबँड लावून खणात टाकलं. वर मोबाइलचे चार्जर. अंधारात पडल्या पडल्या मी ऐकायचो, बाहेर गुरुदत्त फोनवर एकटाच पत्ते खेळतोय. काय वाटलं असेल मला, सांगा बरं!

आणि मग या वर्षी उन्हाळ्यात एके सकाळी खण उघडला.

यामिनीनं आईबाबांना मुक्कामाला बोलावलं होतं. अमेरिकेच्या मधोमध सपाट मुलूख आहे, तिथल्या लिंडन क्रीक नावाच्या छोट्या शहरात ती राहते. तिची मुलगी लीना नऊ वर्षांची. आजीआजोबांनी तिला पाहिलं होतं ते बहुतेक फोनवरच. 'हाय आजी' आणि 'बाय आजी' यांच्या मधलं तिचं बोलणं कधी ऐकूच आलं नव्हतं.

बॅगेत मेतकूट कोंबता कोंबता वृंदाताई थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो, ती मला ओळखेल हो. पण आपली म्हणेल का?"

गुरुदत्तनं मला उचललं, रबरबँड बदललं आणि मेतकुटाशेजारी ठेवलं. माझ्या अंगाला अजून त्याचा वास येतो.

मित्रांनो, लिंडन क्रीक म्हणजे काय सांगू! गाव संपलं की मका, आणि मका संपला की आणखी मका. रस्त्यावर माणूस औषधाला दिसत नाही. गुरुदत्त पहिल्याच सकाळी सवयीनं चालत दूध आणायला निघाला, तर तीन मोटारी थांबल्या. "गाडी बंद पडली का? कुठे सोडू?" कुणी चालतंय म्हणजे बिचाऱ्यावर काहीतरी संकट आलंय, असंच तिथं वाटतं. संध्याकाळ तर संपता संपत नाही. जेवणं झाली तरी ऊन, भांडी झाली तरी ऊन. घरापुढच्या पडवीत वेताच्या खुर्च्या, गवतावर काजवे, समोरच्या अंगणात कुणीतरी कायम गवत कापतंय. कुणालाच कसली घाई नाही. अशा ठिकाणी पत्ते नाही खेळायचे तर काय करायचं?

लीना मात्र 'हाय आजी' म्हणून आपल्या खोलीत पसार झाली. तिला मराठी समजायचं सगळं, पण उत्तर यायचं इंग्रजीत. आजीनं थालीपीठ केलं, तिनं "थँक यू" म्हणून खाल्लं. आजीनं वेणी घालू का विचारलं, ती "इट्स ओके" म्हणाली. पाहुण्यांशी वागतात तशी शहाण्यासारखी वागायची पोर. वृंदाताईंना तेच सलायचं.

मग तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी गुरुदत्तनं पडवीतल्या टेबलावर मला फर्रकन पिसलं. तो आवाज ऐकून खोलीचं दार किलकिलं झालं. लीनाचं नाक दिसलं, मग लीना.

"व्हॉट्स दॅट?"

"बदाम सात! ये, बस."

यामिनी आली, जावई अजेय आला, पाच जणांत पानं वाटली. बदामची सत्ती मध्ये ठेवायची, मग तिच्या आणि बाकीच्या सत्त्यांच्या खालीवर पानं लावत जायची, आणि ज्याची पानं आधी संपतील तो जिंकला. लीना पहिल्याच दिवशी जिंकली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्याही. ती उड्या मारायला लागली. "आजोबा, तू हरलास!" असं चक्क मराठीत ओरडायला लागली. शेजारच्या डॉरथी आजींना अंगणातून सांगून आली, मी रोज सगळ्यांना हरवते म्हणून. रात्री आजीच्या शेजारी येऊन बसायला लागली. वृंदाताईंच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो पाहून माझी चारही राजेमंडळी खूश होती.

पण मला आतली गोष्ट ठाऊक होती ना! गुरुदत्त हातात लागणारं पान असून "पास" म्हणायचा. अजेयही. यामिनी तर सरळ डोळे मिचकावायची. प्रेमानंच करत होते हो, पण मी खेळायचा कॅट आहे, माझ्या जिवाला ते टोचायचं.

आणि एका संध्याकाळी व्हायचं ते झालं. लीना जिंकली. गुरुदत्तनं आपली उरलेली पानं खाली टाकली, तीही उताणी. त्यांत माझा इस्पिकचा राजा होता. इस्पिकची राणी तर केव्हाची लागून बसली होती!

लीनानं राजाकडे पाहिलं, मग आजोबांकडे. "तू पास म्हणालास. तुझ्याकडे राजा होता."

"अगं... दिसलाच नाही मला."

"कालही नव्हता दिसला?"

यामिनीनं सावरायला म्हणून सांगितलं, "अगं सोनू, तू लहान ना, म्हणून तू लिंबूटिंबू. आपल्याकडे लहान मुलांना असंच खेळवतात. त्यांचं आउट धरत नाहीत, चूक धरत नाहीत. मीही होते लहानपणी."

"म्हणजे माझं जिंकणंपण धरत नाहीत?"

पोरीचे डोळे भरून आले. तिनं आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, उठली आणि आत निघून गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा "थँक यू" आणि "इट्स ओके". दुपारी ती उठून डॉरथी आजींकडे जायची. मी पडवीतल्या टेबलावर पडून, अंगावर उकडलेल्या कणसांचं भांडं. गुरुदत्त म्हणायचा, "मी काय वाईट केलं? पोरीला जिंकायला दिलं, तर गुन्हा झाला!" वृंदाताईंना धास्ती वेगळीच. जरा कुठे पोर जवळ आली होती, आणि परतीचं तिकीट तर ठरलेलं. मधेच त्या पदरानं उगाचच माझ्यावरचं पाणी पुसायच्या.

एका दुपारी त्या लीनाला बोलवायला शेजारी गेल्या. हातात मी होतो, का घेतलं होतं मला कोण जाणे. डॉरथी आजींच्या पडवीत काय पाहिलं असेल? डॉरथी आजी आणि लीना पत्तेच खेळत होत्या. तिथला एक खेळ आहे, युकर म्हणतात, त्यात एक्क्याच्या वर हुकमाचा गुलाम! माझे गुलाम ते ऐकून आठवडाभर जमिनीवर नव्हते. पण वृंदाताई पाहत होत्या दुसरंच. त्या म्हाताऱ्या बाई लीनाला धडाधड हरवत होत्या. जरा दयामाया नाही! वर हरवून खो खो हसत होत्या. आणि लीना? लीना दात ओठ खात म्हणत होती, "वन मोअर!"

वृंदाताई तिथंच पायरीवर बसल्या. त्यांना काय कळायचं ते कळलं.

घरी येताना त्या म्हणाल्या, "लीना, मला मेंढीकोटाला भिडू हवाय. भिडू म्हणजे जोडीदार, आपण दोघी एका बाजूला. होतेस? पण आधीच सांगते, चुकलीस तर मी ओरडणार."

लीना थांबली. "खरं ओरडणार? प्रॉमिस?"

"अगदी गळा काढून."

त्या संध्याकाळी अजेयला उठवून कणसं भाजायला पाठवलं, आणि एका बाजूला आजोबा आणि यामिनी, दुसऱ्या बाजूला आजी आणि लीना. मित्रांनो, मेंढीकोटात चार दश्श्या मिळवायच्या असतात. चारही एकाच जोडीला मिळाल्या की समोरच्यांवर कोट. पहिल्याच डावात लीनानं हुकूम टाकला तो आजीच्याच हातावर.

"अगं कार्टे! माझीच दश्शी कापलीस! डोळे कुठे होते?"

यामिनी खुर्चीतून अर्धी उठली. अजेय चिमटा हातात घेऊन दारात आला. आणि लीना... लीना खुदकन हसली. केवढं हसली! "सॉरी आजी, सॉरी, परत नाही कापणार!"

दोघींवर कोट चढला. गुरुदत्तनं टेबल वाजवून वाजवून आनंद केला, लहान पोरांसारखा. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोट. लीना रडली, नाक पुसलं, "परत पिस" म्हणाली. दुपारी आजी आणि ती गवतावर बसून मला चाळायच्या. कुठली पानं गेली ते मनात धरायचं, हुकूम उगाच उधळायचा नाही, भिडूच्या चेहऱ्याकडे पाहून घोटाळा करायचा नाही. वेणीही त्याच वेळात होऊन जायची, दोघींच्या लक्षातसुद्धा यायचं नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी शेवटचा डाव पडला. हुकूम किलवर. तीन दश्श्या आजी आणि लीनाकडे आलेल्या. सगळ्यांच्या हातात एकेकच पान उरलेलं आणि उतारी गुरुदत्तची. त्यानं मिशीत हसत चौकटची दश्शी आपटली. हुकूम संपले, असा त्याचा हिशेब! वृंदाताईंनी पान टाकलं, त्यात काही नव्हतं. यामिनीनं टाकलं. मग लीनानं आपलं पान अलगद ठेवलं. आपटलं नाही, नुसतं ठेवलं. किलवरची दुर्री.

"कोट!" वृंदाताई खुर्चीतून उठल्याच. "कोट, कोट, कोट!"

गुरुदत्त लाल झाला. "दुर्री आली कुठून? गेली होती ती! हा डाव धरायचा नाही, परत पिसा!"

"रडीचा डाव!" लीना टेबलावर चढून ओरडली, शुद्ध खणखणीत मराठीत. "आजोबा रडका! रडीचा डाव!"

तो खरोखरच चिडला होता हो. जेवताना कणीससुद्धा नको म्हणाला. आणि लीना त्याच्याकडे पुन्हा पुन्हा पाहत होती, अशा काही आनंदानं, की विचारू नका. खोटं हरलेला माणूस कधी असा रुसतो का? निजायच्या वेळी गुरुदत्तनंच तिला उचलून छातीशी धरलं आणि म्हणाला, "लबाड, मोजत होतीस ना सगळी पानं?"

दुसऱ्या दिवशी बॅगा गाडीत चढल्या. डॉरथी आजी निरोप द्यायला आल्या. लीनानं वृंदाताईंचा हात घट्ट धरला आणि इंग्रजीत ओळख करून दिली, "ही माझी भिडू."

"भिडू म्हणजे तुमच्या भाषेत आजी का?" डॉरथी आजींनी विचारलं.

लीनानं जरा विचार केला. "नाही. आजी तर असतेच. भिडू आपण निवडतो."

वृंदाताईंनी पदर डोळ्यांना लावला आणि अजेयला म्हणाल्या, "गाडी सावकाश चालव हो."

मी आता पुन्हा न्यू टाउनला आहे, पण खणात नाही, जेवायच्या टेबलावर. हिवाळ्यात लीना येणार आहे म्हणून गुरुदत्त शेजारच्यांना बोलावून जोरात सराव करतोय, मान वर करायला वेळ नाही त्याला! मित्रांनो, मला वाऱ्यापासून जपा, ओल्या हातांपासून जपा, एखादं पान हरवलंच तर शोधा. आणि घरातल्या सगळ्यांत धाकट्याला खेळायला घ्याल तेव्हा त्याच्यासमोर नीट बसा, सगळ्यांइतकीच पानं त्यालाही द्या आणि जीव तोडून खेळा. रडेल थोडा. रडू दे, त्याचा डाव खरा असू दे.