चिमूटभर कुंकू

अर्धापूरच्या बाहेर कोरियन कंपनीच्या पैशातून उभा राहिलेला कारखाना केळीच्या खोडांपासून धागा काढतो. घड उतरवल्यावर शेतकरी जी खोडं बांधावर कुजत टाकायचे, ती आता ट्रॉली भरभरून इथं येतात. धागा धुतलेलं पाणी निवळून शेजारच्या बागांना सोडायचं काम तनुजाकडे होतं. सलग सात दिवस पाणी नितळ निघालं तर ते सातव्या दिवशी पहिल्यांदा बागांत सुटणार होतं, दुसरी शेड होणार होती आणि तीस बायकांच्या हाताला काम मिळणार होतं.

सातव्या दिवशी सकाळीच पाण्याचा गढूळपणा दाखवणाऱ्या मीटरची रेघ वर गेली. पाण्याला रंग आला होता.

तनुजा टाकीकडे धावली. खोडं सोलणाऱ्या नागुबाई तिथं हात जोडून उभ्या होत्या.

"मावशी, काय टाकलंत यात?"

"कुंकू. बोअरला पानी लागलं की वाहत न्हाईत का? हे तर आज रानात निघालंय. तसंच वाटंला लावावं व्हय?"

"किती टाकलं?"

"चिमूटभर गं. देवाला लई कशाला लागतंय!"

मॅनेजर शिवशंकर मागोमाग आले. "मीटर बिघडला म्हणून लिही. साहेब अकराला येऊन राहिलेत. म्हातारीचं काम जाईल, शेडबी जाईल."

तनुजानं पेन उचललं. मीटर बिघडलेला म्हटलं, तर मागचे सहा दिवस तरी कोण खरे मानणार? तिनं नोंदवहीत घडलं तसं लिहिलं, चिमूटभरसुद्धा.

कोरियन साहेबांनी ते दुभाष्याकडून ऐकलं. नागुबाई न बोलावताच पुढं झाल्या. "चूक माझी हाय. पोरीला बोलू नका."

साहेबांनी मीटरची रेघ तपासली. मग दुभाष्यानं सांगितलं, "एवढ्याशा कुंकवानं हलला, म्हणजे मीटर चोख आहे. पण नियम सलग सात दिवसांचा. उद्यापासून पुन्हा मोजा. आणि टाकीच्या झाकणाला कुलूप का नव्हतं?"

शिवशंकर कुलूप आणायला निघाले.

दुपारी डबे उघडताना सोबत खोडं सोलणाऱ्या सरजाबाईनं टोमणा मारलाच, "नागुबाई, माझी सून शेडच्या वाटंकडं डोळे लावून बसलीय. तिला आता तुम्हीच सांगा जाऊन." बाकीच्या हसल्या. नागुबाईंनी भाकरी तशीच फडक्यात बांधली.

दुसऱ्या दिवशी कामाची पाळी सुरू होण्याआधी त्या तनुजाकडे आल्या.

"आज कितवा?"

"पहिला, मावशी."

"बरं," म्हणाल्या, आणि कोयता घेऊन खोडांकडे गेल्या.