शिवकांताच्या लग्नाची कॅसेट

मी एक व्हिडिओ कॅसेट बोलतेय. आवाज कापतोय माझा, सांभाळून घ्या. आयुष्यभर मी भीतच आले. उन्हाला भ्यायले, ओलीला भ्यायले, लहान मुलांच्या बोटांना तर फारच. पण आज नांदेडच्या या दुकानात जशी भ्यायले, तशी कधीच नाही.

माझ्या पोटात एक लग्न आहे. लातूरचं, एक्क्याण्णव सालचं. नवरदेव विरूपाक्ष सर, नवरी शिवकांता. शूटिंग उमाशंकरचं. तेव्हाच्या रीतीप्रमाणे त्यानं सगळ्या लग्नावर सिनेमाची गाणी चढवली. नवरी बोलते, हसते, रडते, पण ऐकू येतात ती गाणीच. फक्त पंगतीनंतर तिनं उखाणा घेतला, तेवढा तिचा आवाज त्यानं ठेवला. मग माझ्यावर कुणी दुसरं काही भरू नये म्हणून माझ्या कडेचा प्लॅस्टिकचा चिमुकला तुकडा मोडून टाकला. मी निर्धास्त झाले.

त्या वर्षांत लातुरात शिकवण्या जोरात सुरू झाल्या होत्या. पार लोहा-मुखेडहून पोरं पत्र्याच्या ट्रंका घेऊन उतरायची. विरूपाक्ष सर फिजिक्स शिकवायचे. नांदेडच्या एका क्लासवाल्यानं त्यांना निरोप धाडला, की तुम्ही शिकवता कसं ते कॅसेटवर भरून पाठवा. त्र्याण्णवच्या श्रावणात उमाशंकर कॅमेरा घेऊन घरी आला आणि बहाद्दर कोरी कॅसेटच विसरला. रविवार होता, दुकानं बंद. त्याची नजर माझ्यावर पडली. पंगतीपासून पुढं भरू, म्हणाला, जेवणारी माणसंच तर आहेत.

सर घुटमळले. उखाणा पुसला जाईल, म्हणाले. तेव्हा वर्षाच्या लेकीला, अंजूला, कडेवर घेऊन शिवकांता उठली, चिकटपट्टी आणली आणि माझ्या मोडक्या खाचेवर स्वतःच चिकटवली. अशी पट्टी लावली की कॅसेट पुन्हा भरता येते.

"म्या हाय की समोर," ती म्हणाली. "उखाणा काय, रोज घेईन."

सरांनी पाऊण तास घर्षण शिकवलं. त्यात मध्येच आतल्या खोलीतून शिवकांता काहीतरी बोलली. हळूच बोलली, कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्यावर मात्र ते उमटलं.

तेव्हा मी नांदेडला गेलेच नाही. गणपतीला शिवकांता अंजूला घेऊन माहेरी गेली, किल्लारीच्या अलीकडच्या गावात. विसर्जन आटोपून गाव निजलं आणि पहाटे जमीन हलली. लातुरात मी कपाटातून खाली पडले, एवढंच. तिकडं दगडामातीची घरं माणसांवर बसली. ढिगाऱ्यातून अंजू जिवंत निघाली. शिवकांता नाही.

पुढं तीस वर्षं मी कुलपात. सरांचा क्लास तीन मजली झाला. अंजूनं डॉक्टर व्हावं म्हणून तिला पहिल्या बाकावर बसवलं, आणि ती बारावीनंतर उठून कॅमेऱ्यामागं गेली. बापलेकीचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. आईची कॅसेट दाखवा, असं ती लहानपणापासून म्हणायची. लावली की तुटंल, असं सर म्हणायचे. खोटं होतं ते. उखाणा पुसल्याचं पोरीला सांगायचं कसं, याची त्यांना भीती होती. कुलपाच्या आत मला ती भीती ऐकू यायची.

आता अंजू स्वतःच्या खर्चानं एक लहानशी फिल्म करतेय. नट नाहीत, गाणी नाहीत. बाप, लेक, आणि लेकीनं कधीच न ऐकलेला आईचा आवाज. यावेळी ती हट्टालाच पेटली. शेवटी सर स्वतः मला घेऊन तिच्याबरोबर नांदेडला आले. उमाशंकर आता इथं झेरॉक्सचं दुकान चालवतो, पण जुना व्हीसीआर त्यानं जपलाय.

त्यानं मला उघडून पाहिलं. आत पांढरी बुरशी. एकदाच चालेल, म्हणाला, तुटली तर गेली. संगणकाला वायर जोडली. तेवढ्यात अंजूनं मला उलटं केलं आणि तिला पट्टी दिसली. कॅमेऱ्यातली पोर ती, लगेच समजली.

"ही पट्टी कशापायी लावलीय, बाबा?"

सरांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. अंजू उमाशंकरला नुसतं 'लावा' म्हणाली.

मी फिरू लागले. अक्षता, गाणी, पंगतीची मांडामांड. मग खरखर झाली आणि फळा आला. अंजूनं तोंड फिरवलं. सर म्हणाले, बंद कर रे उमाशंकर. त्याचा हात बटणाकडं गेला. देवा! अजून थोडंच राहिलंय हो, मला सांगता येत नव्हतं.

"राहू द्या," अंजू म्हणाली. "तुम्ही किती बारीक होता, बाबा."

आणि आतल्या खोलीतून आवाज आला.

"अंजू, गप गं माय. बाबा शिकवायलेत."

पुढच्या क्षणी मी तुटले.

अंजू बापाच्या बाहीला धरून उभी होती.

"माझं नाव घेतलं तिनं," ती म्हणाली.

तेवढा आवाज संगणकात उतरलाय. आता मी टेबलावर पडलेय, फीत बाहेर आलेली. उमाशंकर मला साफ करतो म्हणतोय. करा बापा, बुरशी काढा, फीत जोडा किंवा जोडू नका. फक्त ती पिवळी पडलेली चिकटपट्टी तेवढी खरवडू नका. ती शिवकांतानं लावलीय.