यानावरची मावशी

अंतराळावरच्या एका गाजलेल्या सिनेमामालिकेच्या कादंबऱ्या मी लिहितो. मुखपृष्ठावर कॅप्टनचा फोटो, त्याखाली निर्मात्याचं नाव, आणि भिंग घेऊन बसलात तर आतल्या पानावर मी. लोकांना वाटतं, मी सिनेमा पाहून कादंबरी लिहितो. सिनेमा मला तिकीट काढूनच बघावा लागतो, आणि तोवर कादंबरी दुकानात आलेली असते. मला मिळते नुसती पटकथा, तीही अर्धीमुर्धी. गेल्या खेपेला राक्षस दिसतो कसा हे गुपित होतं, ते मलाही सांगितलं नाही. मग मी पानोपानी 'ज्याचं वर्णन शब्दांत करता येत नाही' असं ठोकून दिलं. समीक्षकांनी माझ्या संयमाचं कौतुक केलं.

कॅप्टन कधी रडत नाही, कारण नटाच्या करारात तसं कलम आहे. नटाचं पोट सुटल्यापासून कॅप्टन जिनेही चढत नाही. आणि कादंबरी संपताना सगळं सुरुवातीला होतं तसंच असावं लागतं. कुणी मरायचं नाही, लग्न करायचं नाही, शहाणं तर मुळीच व्हायचं नाही. यावर पहारा ठेवायला कंपनीने एक माणूस नेमलाय. आम्ही लेखक त्याला शास्त्रीबुवा म्हणतो. कुठल्या ग्रहाला किती चंद्र हे त्यांना तोंडपाठ. त्यांनी 'हे घडलं' म्हटलं की घडलं. नाही म्हटलं की तुमची अख्खी कादंबरी घडलीच नाही.

या सगळ्या पसाऱ्यात माझं म्हणावं असं एकच माणूस होतं, यानावरची स्वयंपाकीण. ती म्हणजे माझी मावशी. मला तिनेच वाढवलं, आणि एका शाळेच्या भटारखान्यात उभा जन्म काढला. तिचे डोळे अधू झाल्यापासून माझं प्रत्येक पुस्तक मी तिला वाचून दाखवतो. पहिलंच ऐकून ती म्हणाली, "एवढी माणसं एवढी वर्षं फिरतायत, त्यांना भुका लागत नाहीत का रे?"

दुसऱ्या पुस्तकात मी तिला यानावर चढवलं. शास्त्रीबुवा लढायांचीच पानं तपासत, भटारखान्यात डोकावत नसत. मावशी दर पुस्तकात पानभर यायची, कुणाला तरी झापायची आणि जायची. घरातली मावशी त्या पानाची वाट बघत बसायची. ते आलं की खुर्चीत सरळ व्हायची, जणू तिचा फोटोच काढतायत.

मग घात झाला. वाचकांना ती आवडली. करारानुसार पात्र कंपनीचंच, त्यांनी ते उचलून सिनेमात घातलं. मला फोन आला, "अभिनंदन. फक्त थोडी तरुण केलीय."

थोडी म्हणजे चाळीसेक वर्षांनी. शिवाय बारीक कंबर, हातात पिस्तूल आणि गूढ भूतकाळ. भटारखान्याचा सेट परवडला नाही, म्हणून यानावर सगळे गोळ्या खाणार. स्वयंपाकीण होती, स्वयंपाक तेवढा नव्हता.

त्या सिनेमाची कादंबरीही माझ्याच गळ्यात पडली. मी इमानेइतबारे गोळ्या लिहिल्या, पिस्तूल लिहिलं. एका जागी मात्र राहवेना. सूर्य विझायला आलाय आणि कॅप्टन धावत तिच्याकडे येतो. तिथे मी तिच्या तोंडी घातलं, "आधी हात धू. मग काय तो सूर्य वाचव." परीक्षेच्या सकाळी मी घाईघाईत ताटावर बसलो, तेव्हा मावशी हेच म्हणाली होती. सूर्याच्या जागी तेवढा पेपर होता.

शास्त्रीबुवांचा फोन आला.

"ते वाक्य काढा."

"का?"

"हे पात्र असं बोलत नाही."

"साहेब, ते पात्र आत्ता शेजारच्या खोलीत मटार सोलतंय."

"असेल. पण ती काय बोलते हे आमचं ठरलंय. ती म्हणते, 'कॅप्टन, माझा भूतकाळ मला हाक मारतोय.'"

माझा असा संताप झाला म्हणून सांगू. आणि संतापून मी काय केलं, तर वाक्य काढलं. पुढचं पुस्तक कुणाला द्यायचं हे त्यांच्याच हातात असतं.

पुस्तक छापून आलं. मावशी खुर्चीत बसली, मी वाचायला घेतलं.

"ही पिस्तूलवाली कोण?" तिने विचारलं.

"आहे एक नवीन."

"काही खाते का?"

"गोळ्या."

"तरीच."

मग ती मुकाट्याने ऐकत राहिली. सूर्य विझायला आला तशी खुर्चीत सरळ झाली.

"आणि मी कधी येते?"

मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पुस्तक तसंच समोर धरलं आणि त्यात नसलेलं वाचायला लागलो. कॅप्टन भटारखान्यात आला. मावशीने त्याला हात धुवायला पिटाळलं, ताटात काही टाकायचं नाही असा दम भरला, पोटावरून बोलली, आणि जेवण जिरवायला जिने चढायला लावलं. जाताजाता मी कॅप्टनला रडवलंही, गेलं ते कलम खड्ड्यात. मावशी पदोपदी हसत होती.

प्रसंग संपला.

"छान लिहिलंयस," ती म्हणाली. "फक्त एवढं वाचलंस, आणि एकदाही पान उलटल्याचा आवाज नाही आला."

मी घाईघाईने एक पान उलटलं.

"असू दे. आता त्या पोरीचं वाच. गोळ्यांवर किती दिवस काढते बघू."